साकवापलीकडचे तीन दिवस

बाबा सांगायचे त्या गोष्टींतली एकही मी कधी खरी मानली नाही. यात बाबांचा काही दोष नव्हता. उज्जैनमध्ये वाढलेल्या माणसाला गोष्टी इतक्या मिळतात की शेवटी शेवटी तो त्यांच्याकडे ट्रॅफिकसारखं बघायला लागतो. आमच्या शहरात म्हणे राजानं रात्र काढायची नाही, कारण इथला राजा एकच, महाकाल. त्यामुळे मोठमोठे नेतेसुद्धा अंधार पडायच्या आत इंदूरच्या रस्त्याला लागतात, असं आमच्याकडचा रिक्षावालाही छातीठोकपणे सांगतो. अशा शहरात एका निवृत्त शाळामास्तराच्या गोष्टीला कोण विचारतो?

बाबांची गोष्ट कोकणातल्या एका गावाची होती. समुद्राकाठचं गाव. आमचे कोणी पूर्वज तिथून निघून कुणा सरदाराच्या पागेत नोकरीला लागले आणि घोड्यांबरोबर माळव्यात आले. तेव्हापासून आमच्या घरातलं कोणीही त्या गावी परत गेलं नाही. बाबा सांगायचे, त्या गावात काही वर्षांनी एकदा देव हुकूम देतो, आणि सगळं गाव तीन दिवसांसाठी घरदार सोडून वेशीबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळे. का? तर गेलेल्या माणसांना तीन दिवस आपापल्या घरात राहता यावं म्हणून.

"एकदा मला तिथं घेऊन चल," असं बाबा दर वर्षी थंडीत म्हणायचे. मी म्हणायचो, "बाबा, मार्च क्लोझिंग होऊन जाऊ द्या." मी बँकेत आहे. मार्चनंतर माळव्यात ऊन इतकं असतं की म्हाताऱ्या माणसाला कुठे न्यायचं म्हणजे पाप. मग पाऊस. मग दिवाळी. मग पुन्हा मार्च दिसायला लागायचा. अशी सतरा-अठरा वर्षं मी फार व्यवस्थित काढली. गेल्या आषाढात बाबा गेले.

बाबांच्या मागे राहिली ती त्यांची कुत्री. तिला नाव नव्हतं. भैरवगढला ते छापाची चादर घ्यायला गेले होते, तिथं नदीकाठी वाळत घातलेल्या ओल्या कापडांखालून ही बाहेर आली, पाठीवर लाल रंगाचा डाग घेऊन. चादर आणि कुत्री एकाच टेम्पोतून घरी आल्या. बायको म्हणाली, "बाबा, हिचं नाव काय ठेवायचं?" तर बाबा म्हणाले, "भैरवाच्या दारची आहे. आपण कोण हिला नाव ठेवणारे?" बाबा जिभेनं टाळूवर टक् असा आवाज करायचे आणि ती यायची. मी तो आवाज करून पाहिला तर बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "दाढ दुखतेय का तुमची?"

बाबा रोज संध्याकाळी राम घाटावर जायचे आणि सहाच्या सुमाराला परत यायचे. गल्लीच्या तोंडाशी त्यांची काठी वाजली की ही भुंकायची. दोनदा तोकडं, मग एक लांबलचक कुंईऽऽ, आणि मग एक शिंक. हे स्वागत फक्त बाबांसाठी होतं. मी तीस वर्षांची नोकरी करून घरी यायचो तेव्हा ती डोळाही उघडायची नाही.

बाबा गेल्यावर तिनं खाणं सोडलं. आधी आम्ही म्हटलं, जनावर आहे, दोन दिवसांत विसरेल. मग दूध-पोळी, मग पनीर, मग चोरून आणलेली अंडी. ती वास घ्यायची, आमच्याकडे बघायची, जणू काही आम्हीच उपाशी आहोत, आणि बाबांच्या चादरीवर जाऊन पडायची. थोडं पाणी, कधी अर्धी पोळी, बस. दिवाळीपर्यंत तिच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "साहब, बीमारी कुछ नहीं है. जगह बदल के देखो. नहीं तो..." आणि त्यानं पुढचं वाक्य आपल्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे बघून गिळलं.

मला तेव्हा वाटलं, आणि हे मी कोणालाही सांगितलं नाही, की ही कुत्री मेली तर बाबा दुसऱ्यांदा जातील आणि दुसऱ्यांदाही त्याला मीच जबाबदार असेन.

म्हणून मी ते गाव शोधून काढलं. आमच्या एका लांबच्या नातेवाइकाकडे कुलदैवताचं नाव होतं, त्यावरून गाव सापडलं आणि गावात पाहुणे ठेवणाऱ्या एका काकूंचा फोन नंबर मिळाला. मी तारखा सांगितल्या. काकू म्हणाल्या, "त्या दिसांत गाव भायर आसता. तीन दिस. सगळो गाव. तुमी मागसून येवा."

बाबांची गोष्ट खरी होती. आणि ती अठरा वर्षं मी मार्चच्या फायलींखाली दाबून ठेवली होती.

मी म्हटलं, "काकू, मला सुट्टी तेवढीच आहे हो." बँकेतल्या माणसाला मरणाच्या दारात उभं केलं तरी तो सुट्टी मंजूर आहे का ते विचारील. काकू हसल्या. "येवचाच आसा तर येवा. आमच्याबरोबर खोपीत ऱ्हवा." मी घाबरत घाबरत कुत्रीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिका आणलास तरी चलात. पन भायर जाताना तिका मागे ठेवूची नाय. कोंबो, मांजर, माणूस, एकय जीव मागे ऱ्हवता नये. ध्यानात ठेवा."

मी ध्यानात ठेवलं. मी सगळं ध्यानात ठेवतो, हीच तर अडचण आहे.

दोन दिवस गाडी चालवून आम्ही पोचलो. समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा बायकोनं राम घाटावर करतात तसा ओंजळीत पाणी घेऊन नमस्कार केला. आम्ही नदीकाठची माणसं. पाणी म्हटलं की पलीकडचा काठ, तिथली देवळं, तिथले धोबी दिसायला हवेत. इथं पलीकडे काहीच नव्हतं. कुत्रीही बराच वेळ तेच शोधत उभी राहिली. लाट पायाला लागली तेव्हा दचकली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू हे मीच केलं होतं.

काकूंचं घर समुद्रापासून पाच मिनिटांवर, माडांमध्ये. काकू, त्यांचे ऐंशीच्या पुढचे सासरे, आणि मागच्या पडवीत आम्ही. काकूंनी कुत्रीपुढे पेज ठेवली. तिनं वास घेतला आणि चादरीवर जाऊन पडली. काकू म्हणाल्या, "जिवात जीव नाय हिच्या." मी म्हटलं, "प्रवासानं थकलीय." बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि पेज उचलून बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव निघालं.

मी ते दृश्य विसरणार नाही. कोणाच्या हातात कोंबड्यांची टोपली, कोणाच्या खांद्यावर शेळीचं करडू. एका स्कूटरवर मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर पिशवी, आणि पिशवीतून बाहेर आलेलं मांजराचं चिडलेलं तोंड. एक म्हातारी आपल्या पिंजऱ्यातल्या पोपटाशी भांडत चालली होती. कोणी दुःखी नव्हतं. उलट जत्रेला निघाल्यासारखी गडबड. काकूंनी तुळशीपुढे दिवा लावला, अंगण सारवलेलं होतंच, आणि जणू आतल्या माणसांना सांगतात तसं दाराकडे बघून काहीतरी पुटपुटल्या.

इथं मी माझी चूक केली. बायको म्हणाली, "अहो, बाबांची चादर घ्या ना. तिला लागेल." मी म्हटलं, "झोपडीत तीन दिवस वाळू, चिखल, जेवणाचे डाग. बाबांची चादर आहे, खराब होईल. खोलीत ठेवू, कुलूप आहे, सुरक्षित राहील." आयुष्यभर लॉकरच्या चाव्या सांभाळलेला माणूस. मौल्यवान वस्तू दिसली की तिला आधी कुलूप, मग बाकीचं. मी चादरीची नीट चौपदरी घडी केली, पडवीतल्या खोलीत खाटेवर ठेवली, आणि काकूंच्या कुलपात चावी दोनदा फिरवून पाहिली.

जिवंत तेवढं बरोबर न्यायचं, हा नियम मी अक्षरशः पाळला होता.

वेस म्हणजे एक छोटी खाडी. तिच्यावर एक साकव, दगडी खांबांवर फळ्या टाकलेला, एका माणसापुरता. तो ओलांडून गावाबाहेर आलं की माळ, आणि त्या माळावर खोपी बांधल्या होत्या, माडाच्या झावळ्यांच्या. आम्हालाही एक मिळाली. दुपारी चुली पेटल्या, बायका मासे साफ करायला बसल्या, कोणी तरी टाळ काढले. बायको शेजारच्या खोपीत शिरून तिथल्या बाईला पोहे कसे करतात ते शिकवत होती. "उसमें सेव डालते हैं," असं तिनं त्या बाईला, हे मराठीच आहे असं समजून, सांगितलं. मी कुत्रीला खोपीच्या वाशाला दोरीनं बांधलं आणि जरा आडवा झालो.

उठलो तेव्हा दोरी होती. गाठ नव्हती.

ती साकवावर होती. पळत नव्हती. कामाला निघालेल्या माणसासारखी, मान खाली घालून, फळ्यांवरून पलीकडे, गावाकडे चालली होती. मी ओरडलो. पण काय ओरडणार? नाव नाही. "ए! ए!" असं मी ओरडलो, त्यावर माळावरच्या चार माणसांनी आणि एका बैलानं वळून बघितलं, तिनं नाही. मी जिभेनं टक् केलं. तिचा एक कान हलला असं मला वाटलं. मग ती माडांत दिसेनाशी झाली.

मी धावत साकवापर्यंत गेलो. तिथं काकूंचे सासरे बसले होते, काठीवर हनुवटी टेकून. गावातले मानकरी. त्यांनी मला हात लावला नाही. फक्त म्हणाले, "आता आत जावचा नाय."

"आजोबा, ती आजारी आहे. महिनोन्‌महिने नीट खाल्लं नाही तिनं. तीन दिवस पाण्यावाचून मरेल ती."

"तुमी पावणे. तुमका कोण धरून ठेवचो नाय," म्हातारा म्हणाला. "पन तीन दिसांनी आमका देवाक विचारूचा आसा, परत येव काय? तेव्हा देवान विचारल्यान, मोडल्यान कोणी, तर काय सांगू?"

तोपर्यंत काकू आल्या, बायको आली, आणखी माणसं जमली. कोणी मला रागावलं नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. बायको म्हणाली, "बांधली होती की नाही तुम्ही?" मी म्हटलं, "बांधली होती." "गाठ मारली होती की सही केली होती?"

म्हाताऱ्यानं उठून खाडीच्या कडेला वेशीवरच्या पाषाणाला पाणी घातलं. कौल लावतो म्हणाला. देवाला विचारू, पाहुण्यानं आत जाऊन जनावर आणावं का. त्यानं दगडाच्या दोन बाजूंना ओली पानं चिकटवली, उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. मी आयुष्यात अनेक परीक्षांचे निकाल बघितलेत, पण एका पानाकडे इतकं टक लावून कधी बघितलं नव्हतं. डावीकडचं पान सुटलं आणि दगडावरून हळू घसरत खाली आलं.

"नाय म्हणता," म्हातारा म्हणाला. आणि माझ्या तोंडाकडे बघून, "तिका ऱ्हवांदे म्हणता."

मी म्हटलं, "एकदा परत लावून बघता येईल का?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या ते मला कळलं नाही.

ऊन उतरलं. समोर खाडीपलीकडे गाव दिसत होतं, म्हणजे माडांचे शेंडे आणि मधून एखादं कौलारू छप्पर. आवाज मात्र काही नाही. इतकी घरं एवढी शांत असतात हे कधी लक्षात येत नाही, कारण शांत घरांतही भांडं पडतं, कोंबडा ओरडतो, पंप चालू होतो. इथं काहीही नव्हतं. माळावर आमच्या बाजूला एवढा कलकलाट, पण साकवाच्या मध्यापर्यंत जाऊन तो थांबत होता. मी घड्याळ बघितलं नव्हतं. पण सूर्य समुद्रात टेकायला आला होता तेव्हा पलीकडून भुंकणं ऐकू आलं.

दोनदा तोकडं. मग लांबलचक, कुंईऽऽ.

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. बायको माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा दंड धरला होता, मला दुखेपर्यंत. फार वेळानं ती म्हणाली, "आता शिंकली असेल."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साकवाच्या तोंडाशी बसून राहिलो. काकूंनी तिथंच भाकरी-मासे आणून दिले, मी ते खाल्ले नाहीत. मग त्याही बसल्या. खाडीचं पाणी ओहोटीनं उतरलं होतं. गुडघाभर चिखल. साकवाची गरजही नव्हती, मी असाच चालत पलीकडे गेलो असतो. काकूंनाही ते दिसत होतं.

"तुमचो बापूस कधी गेलो?" त्यांनी विचारलं.

मी चमकलो. मी त्यांना बाबांचं काहीच सांगितलं नव्हतं. बायकोनं सांगितलं असेल. नंतर मी तिला विचारलं, ती म्हणाली, "मी कुठे सांगितलं? मला वाटलं तुम्ही सांगितलंत."

"आषाढात," मी काकूंना म्हटलं. मग सगळं सांगून टाकलं. मार्च क्लोझिंग, ऊन, पाऊस, अठरा वर्षं. काकू ऐकत होत्या. मी म्हटलं, "काकू, खरं सांगा. या तीन दिवसांत तिथं कोण येतं?"

उत्तर मागे बसलेल्या सासऱ्यांनी दिलं. "तां आमी कोणाक सांगनव नाय. बोलवणारे आमी कोण? आमी जागा करून देताव. इतक्याच."

त्या संध्याकाळीही ती भुंकली. तसंच. माळावरची माणसंसुद्धा ऐकून क्षणभर थांबली, मग टाळ पुन्हा सुरू झाले.

लोक मला आजही विचारतात, का नाही गेलात? पलीकडे चिखल तर होता. मी सांगतो, गावाचा मान होता, आपण पाहुणे. ऐकायला बरं वाटतं. खरं असं की मी दोनदा चपला काढल्या होत्या. पायजमा दुमडला होता. आणि दोन्ही वेळा मला हे कळेना की मी कशाला भितोय. तिथं पडवीत बाबा बसलेले दिसतील याला? की मी पोचेन आणि तिथं रिकाम्या दाराकडे तोंड करून एक वाळलेली कुत्री उभी असेल, आणि दुसरं कोणीही नसेल, याला? अजूनही कळत नाही. दोन्ही वेळा मी चपला परत घातल्या.

तिसऱ्या संध्याकाळी भुंकणं आलं नाही.

आम्ही वाट बघत राहिलो. सूर्य गेला. बायको आत जाऊन पडली. मी बसून राहिलो, अंधार पडेपर्यंत, आणि पुढचं काही मला लिहायचं नाही.

सकाळी कौल झाला. उजवं पान पडलं. माळावर एकदम आवाज उठला, लोक हसत, पोरं, टोपल्या, कोंबड्या. ढोल पुढे. सगळ्यांत आधी देवाची माणसं जायची, मग बाकीचे. मी रांगेत उभा राहिलो, तीस वर्षांच्या नोकरीची सवय. काकूंच्या सासऱ्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि काठीनं पुढे जा अशी खूण केली.

मी धावलो. माझं वय आणि पोट लक्षात घेता तिथल्या लोकांनी जे पाहिलं त्याला ते काय म्हणाले असतील देव जाणे. एक चप्पल वाटेत सुटली. अंगण दिसलं. तुळशीपुढचा दिवा विझलेला. पडवीतली खोली तशीच कुलूपबंद. आणि तिच्या दाराला पाठ लावून ती पडलेली.

मी जवळ जाऊ शकलो नाही. अंगणाच्या मधोमध उभा राहिलो. मागून बायको आली, तिनं मला बाजूला केलं आणि सरळ जाऊन तिच्या अंगावर हात ठेवला.

"अहो," ती म्हणाली. "गरम आहे."

कुत्रीनं मान उचलली. आमच्याकडे पाहिलं. जांभई दिली.

मागोमाग आलेल्या काकूंनी घाईघाईनं खोपीतून आणलेल्या कालच्या भाताची पेज कालवली, तिच्यात माशाचं कालवण घातलं. वाटी खाली ठेवली. कुत्री उठली, अंग ताणलं, आणि खायला लागली. वाटी सरकत सरकत पडवीच्या कडेपर्यंत गेली, तिच्यामागे ती. खाऊन झाल्यावर काकूंकडे बघत उभी राहिली. दुसरी वाटी दिली, तीही संपली. बायको तिथंच जमिनीवर बसून रडत होती आणि म्हणत होती, "बस हो काकू, पोट फुटेल हिचं." आणि लगेच, "अजून थोडं घाला."

मग ती अंगणात उन्हात गेली, दोन गिरक्या घेतल्या, आणि फाटकाकडे पाठ करून झोपली. बाबा गेल्यापासून ती कधी बाहेरून येणाऱ्या वाटेकडे पाठ करून झोपली नव्हती.

बायकोनं खोली उघडून सामान आवरायला घेतलं. मी एक चप्पल घालून फाटकापाशी दगडावर बसलो. रस्त्यावरून गाव घरी परतत होतं. पोपटवाली म्हातारी गेली, मांजराची पिशवी गेली, बैल गेला. हळूहळू वाट रिकामी झाली. मी बसलोच होतो. काकू झाडू घेऊन बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं.

"कोणाची वाट बघतास तुमी?"

"गाडीची," मी म्हटलं.

गाडी समोरच उभी होती.